पोलिसांकडे स्टन गन असती तर अंगावर येणाऱ्या माणसाला इजा न करता आवरता आलं असतं का?

तुम्ही लिहिलंय की चुलत भावाला वेडाचा झटका आला की तो कोयता घेऊन अंगणात उभा राहतो. पोलिसांना बोलवावं तर ते लाठीनं फोडतील, नाहीतर गोळी घालतील अशी धास्ती वाटते. त्यांच्याकडे स्टन गन असती तर बरं झालं असतं का, आणि ती कितपत धोक्याची, असं विचारलंय.

परभणी जिल्ह्यात पोलिसात नोकरी केली, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. हे हत्यार मी स्वतः कधी चालवलं नाही, एका प्रशिक्षणात जवळून पाहिलं. पण तुम्ही सांगताय तो प्रसंग मात्र अंगावर घेतलाय.

गंगाखेडकडच्या एका वाडीवरून पोलीस पाटलांचा फोन आला होता. पौषातली थंडी, दिवस मावळलेला. पंचविशीतलं पोरगं, दोन रात्री झोप नाही, हातात ऊसतोडीचा कोयता, अंगाभोवती गोधडी गुंडाळलेली. आम्ही तिघं होतो. शेजारच्या भिंतीला लावलेली बाज उचलली आणि तिचे पाय त्याच्याकडे करून ढालीसारखी पुढं धरली. तो आणि आम्ही यांच्यात बारा-पंधरा फुटांचं अंतर होतं. मी शिपायाला टॉर्च बंद करायला लावली, कारण उजेड तोंडावर पडला की तो जास्त बिथरायचा. मग त्याची चुलती माझ्या मागून म्हणाली, "भाकर खाल्ली का रं बाळा सकाळपासून?" एवढं एकच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. पाऊण तास गेला. शेवटी त्यानं कोयता सरपणावर ठेवला आणि खाली बसला.

स्टन गनचं खरं काम त्याच बारा-पंधरा फुटांत असतं. म्हणजे पोलिसांच्या वापरातली, तारांची, जिला लोक टेझर म्हणतात ती. दाबलेल्या नायट्रोजनच्या जोरावर दोन बारीक काटे सुटतात, मागे तारा असतात. दोन्ही काटे अंगात रुतले की सेकंदाला साधारण 19 वेळा विजेचे छोटे ठोके जातात आणि स्नायू आवळून धरले जातात. माणूस ओंडक्यासारखा पडतो. घोडा एकदा दाबला की हे 5 सेकंद चालतं. तेवढ्यात दुसऱ्यानं हातकडी घालायची असते, कारण वीज थांबली की माणूस लगेच उठू शकतो.

50,000 व्होल्टच्या आकड्यावर जाऊ नका. तेवढा दाब कपड्यातली फट ओलांडायला लागतो. जुन्या एक्स-26 मॉडेलमध्ये प्रत्यक्ष अंगावर साधारण 1,200 व्होल्ट पोचायचे, आणि सरासरी प्रवाह काही मिलिअँपियरच असायचा. घरातल्या 230 व्होल्टनं माणूस दगावतो, कारण तिथं प्रवाह जास्त असतो आणि सलग वाहतो.

आता त्या गोधडीकडे या. काटे जाड, सैल कापडात अडकले तर काहीच होत नाही. एकच काटा लागला तरीही काही होत नाही. दोन काट्यांत फूटभर अंतर पडलं तरच स्नायू नीट आवळले जातात, आणि तेवढं अंतर पडायला माणूस साधारण सात फूट लांब हवा. त्या रात्री माझ्या हातात ते यंत्र असतं आणि गोधडीत वाया गेलं असतं, तर कोयता आमच्यावर चालून आला असता आणि मागच्या माणसाला गोळी चालवावी लागली असती. हे मनाचं सांगत नाही. अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओच्या पत्रकारांनी शोधलं तेव्हा 2015 ते 2017 या तीन वर्षांत 250 हून अधिक प्रसंगांत आधी टेझर फसला आणि मग पोलिसांच्या गोळीनं माणूस मेल्याचं आढळलं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेत 1,201 लोकांवर पोलिसांनी हे वापरल्यानंतरच्या जखमा डॉक्टरांनी तपासल्या, तो अभ्यास 2009 मध्ये छापून आला. गंभीर इजा फक्त तिघांना झाली होती, आणि त्यातल्या दोघांची डोकी पडल्यामुळे फुटली होती. लाठीनं मोडलेली हाडं मी पाहिलीत, दवाखान्यात नेऊन उतरवलीत. योग्य जागी हे यंत्र लाठीपेक्षा नक्कीच बरं.

पण त्या पडण्याचं काय? आवळलेला माणूस हात टेकू शकत नाही. ऑस्ट्रेलियात 2023 मध्ये वृद्धाश्रमातल्या 95 वर्षांच्या आजी वॉकर धरून, हातात सुरी घेऊन उभ्या होत्या. पोलिसानं टेझर चालवला, त्या पडल्या, डोक्याला मार लागला आणि आठवड्याभरात गेल्या. आपल्याकडचे प्रसंग आठवून बघा. पाण्याच्या टाकीवर चढलेला आंदोलक, विहिरीच्या कठड्यावर उभी राहिलेली बाई. तिथं घोडा दाबणं म्हणजे ढकलून देणंच. गोदावरीत नाहीतर धरणात जलसमाधीला उतरलेल्यावर चालवलं तर तो आवळलेल्या अंगानं बुडणार.

आणि सगळ्यात मोठी भीती मला कलेक्टर कचेरीसमोरची वाटते. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी जवळ आली की आत्मदहनाचे इशारे येतात, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही पोलिसाला विचारा. आम्ही ओली घोंगडी आणि आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभे असायचो. एकदा एका शेतकऱ्यानं बाटली डोक्यावर ओतलीच. माझा सदराही भिजला, पेट्रोलच्या वासानं डोळे चुरचुरत होते. मिठी मारून त्याला खाली घेतलं, दुसऱ्यानं खिशातली काडेपेटी काढली. तिथं कोणी स्टन गन काढली असती तर तिच्या ठिणगीनं आम्ही दोघंही पेटलो असतो. इंग्लंडमध्ये 2013 मध्ये पेट्रोल ओतून घेतलेला एक माणूस टेझर लागल्यावर असाच पेटला आणि मेला.

छातीबद्दलही सांगतो. टेझर बनवणाऱ्या कंपनीनंच 2009 मध्ये छातीवर नेम धरायचं टाळा असं कळवलं. हृदयाचा रुग्ण, गरोदर बाई, नशेत किंवा वेडाच्या भरात धापा टाकणारा माणूस यांना धोका जास्त. पुन्हा पुन्हा घोडा दाबला तर तो आणखी वाढतो. 2007 मध्ये पोलंडहून आलेला एक प्रवासी व्हँकुव्हर विमानतळावर कित्येक तास अडकून पडला होता, इंग्रजी येत नव्हतं, हातात कागद टाचायचा स्टेपलर. पोलीस आले आणि थोड्याच वेळात टेझर चालवला, एकूण पाच वेळा. तो तिथंच मेला. त्याची भाषा येणारं कोणी आणायला किती वेळ लागला असता? आमच्याकडे ती चुलती होती.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात सलते, ती लिहितोच. तारा न सोडता यंत्र थेट अंगाला लावता येतं. त्यानं स्नायू आवळले जात नाहीत, नुसती वेदना होते. ऑनलाइन मिळणाऱ्या टॉर्चसारख्या स्वस्त स्टन गन सगळ्या याच जातीच्या. एका ठाण्यात असताना एक सहकारी तसली विकत घेऊन आला आणि म्हणाला, "खूण राहत नाही, साहेब." मी ती त्याला घरी न्यायला लावली. त्याच वेळी वर लेखी कळवायला हवं होतं, ते केलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या डी. के. बसू निकालाप्रमाणे कोठडीतल्या माणसाची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी होते. पण दोन बारीक लाल ठिपके डॉक्टरांच्या नजरेतून सहज सुटतील. म्हणून ठाण्याच्या आत हे यंत्र नकोच, असं माझं ठाम मत आहे. बाहेर द्यायचं तर प्रत्येक वेळी घोडा कधी आणि किती सेकंद दाबला याची नोंद स्वतः ठेवणारं मॉडेल द्यावं, आणि ती नोंद स्टेशन डायरीला जोडावी.

तुमच्या भावाबद्दल. 112 ला फोन कराल तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगा की माणूस आजारी आहे, गुन्हेगार नाही. कोणती गोळी चालू आहे, हृदयाचा त्रास आहे का, जवळपास पेट्रोल किंवा फवारणीचं औषध आहे का, अंगणात विहीर आहे का, हेही सांगा. गाडी येईपर्यंत बघ्यांना हाकला आणि ज्याचं तो ऐकतो असं एक माणूस जवळ थांबवा. एरवी 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आजारासाठीच्या सरकारी फोनसेवेला, कधीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि तो शांत असेल त्या दिवशी कोयता घरातून हलवा, शेजाऱ्याकडे ठेवा.