चाळिशीतली मी आणि 7 वर्षांची मुलगी: पियानोसाठी चुका समजून घेणारी शिक्षिका कशी ओळखावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: मुलीने आणि तुम्ही एकाच शिक्षिकेकडे पियानोची खासगी शिकवणी लावावी का, आणि लहानपणी संगीताच्या वर्गात चुकल्यावर बोटांवर पेन्सिलीचे फटके खाल्लेले असताना धीराने शिकवणारी व्यक्ती कशी ओळखावी. मी अनेक वर्षे मुलांना आणि मोठ्यांना स्वतंत्रपणे पियानो शिकवत आहे, त्या अनुभवावरून लिहिते. शिक्षिका एकच असली तरी चालेल, परंतु तास वेगळे ठेवा. आई शेजारी बसलेली असली की मूल पट्ट्यांपेक्षा तिच्या चेहऱ्याकडेच अधिक पाहते.

धीराने शिकवणे म्हणजे प्रत्येक वादनाला 'छान' म्हणणे नव्हे. पोकळ शाबासकी मुलांना लगेच कळते आणि मोठ्यांना ती अपमानास्पद वाटते. चूक झाल्यावर ती कशामुळे झाली हे जी शोधून देते आणि दुरुस्तीचे काम चार-पाच स्वरांपुरते लहान करते, ती शिक्षिका चांगली, असे माझे मत आहे.

माझ्याकडे पन्नाशीतले एक गृहस्थ येत असत. सी मेजरचे सप्तक, म्हणजे सी या स्वरापासून सुरू होणारे फक्त पांढऱ्या पट्ट्यांचे सप्तक, उजव्या हाताने वर चढताना चौथा स्वर दर वेळी दणक्यात वाजे आणि ते 'माझ्या हातात लयच नाही' म्हणून थांबत. पियानोत अंगठ्याला पहिले बोट म्हणतात. पहिल्या तीन स्वरांना पहिली तीन बोटे वापरल्यावर अंगठा तळव्याखालून सरकवून चौथ्या स्वरावर आणायचा असतो. मी त्यांच्या बोटांऐवजी कोपराकडे पाहत राहिले, तेव्हा लक्षात आले की अंगठा अगदी शेवटच्या क्षणी निघतो आणि मग वेळ गाठण्यासाठी ते कोपर उचलून संपूर्ण हात पट्टीवर टाकतात. दुसरे बोट पट्टीवर पडताच अंगठा आत वळवायला सांगून मी त्यांच्याकडून तेवढेच चार स्वर अतिशय संथपणे वाजवून घेतले. पुढच्या तासाला बी मेजर, म्हणजे बी या स्वरापासून सुरू होणारे सप्तक, दिले. त्यात पाच काळ्या पट्ट्या येतात म्हणून ते आधी बिचकले, पण लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर टेकली की आखूड अंगठ्याला खालून जायला ऐसपैस जागा मिळते. एकोणिसाव्या शतकातले पियानोवादक आणि संगीतकार फ्रेडरिक शोपाँ आपल्या विद्यार्थ्यांना याच कारणासाठी बी मेजर आधी देत आणि वाचायला सर्वांत सोपे असलेले सी मेजर वाजवायला अवघड मानून मागाहून देत. दणका महिन्याभरात गेला. लयीचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता.

मोठ्यांची खरी अडचण अशी की त्यांचा कान हातांच्या फार पुढे असतो. आयुष्यभर उत्तम संगीत ऐकलेले असते, त्यामुळे स्वतःचे अडखळणे त्यांना मुलांपेक्षा कितीतरी जास्त टोचते. काही जण तर पट्टीला हात लावण्यापूर्वीच क्षमा मागतात. स्वरलिपी मात्र ते बहुधा मुलांपेक्षा लवकर समजून घेतात, आणि शिक्षिकेने तुमच्या बाबतीत याचा फायदा घ्यावा.

तुमच्या मुलीचा तास अर्ध्या तासाचा पुरेसा आहे, घरचा सराव रोज दहा-पंधरा मिनिटांचा. बैठक अशी हवी की कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीत येईल. मग पाय लोंबकळतात, म्हणून पायांखाली भक्कम पाट किंवा चौरंग ठेवा, कारण पायाला आधार नसलेले मूल खांदे ताठ करते. सुरुवातीला तिला काळ्या पट्ट्यांचे दोन-दोन आणि तीन-तीनचे गट ओळखायला शिकवले जाईल, कारण दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी, आणि त्यावरून बाकीच्या पट्ट्या सापडतात. त्या वेळी दुसऱ्या खोलीतून 'चुकलं गं' असे ओरडू नका, एवढीच विनंती.

वाद्य डिजिटल घेतले तरी चालेल, पण त्याला 88 पट्ट्या असाव्यात आणि त्या वजनदार असाव्यात. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते आणि पट्टी जितक्या वेगाने खाली जाईल तितका स्वर मोठा येतो. हलक्या पट्ट्यांवर हे नियंत्रण बोटांना शिकताच येत नाही.

अनेक शिक्षक एक चाचणी तास देतात. तुमच्या चाचणी तासात मुद्दाम न आवरता चुका होऊ द्या आणि पहिल्या चुकीनंतर शिक्षिका काय करते ते पाहा: ती 'पुन्हा सुरुवातीपासून' म्हणते, की 'इथे कोणते बोट आले होते?' असे विचारते. लहानपणीचा प्रसंग मात्र तिला बसण्यापूर्वीच सांगा. आमच्यापैकी अनेकांना पियानोच्या कडेवर पेन्सिलीने ठेका धरायची सवय असते, आणि तुमच्या तासाला ती पेन्सिल बाजूला ठेवलेली बरी.