केंटकीत स्थानिक विक्रेत्याकडून सॅडलब्रेड घोडा घेताना काय तपासावं?

तुम्ही शेल्बीव्हिलजवळ राहता, स्वारीचा अनुभव दोनच वर्षांचा आहे आणि आसपासच्या पागांमधून रपेटीसाठी सॅडलब्रेड, म्हणजे स्वारीसाठीच्या अमेरिकन जातीचा घोडा, घ्यायचाय. शेल्बीव्हिल म्हणजे या जातीचं माहेरघरच, त्यामुळे घोड्यांना तोटा नाही. मात्र परवडणाऱ्या भावातले बरेचसे घोडे शो-रिंगमधून निवृत्त झालेले असतात आणि तिथल्या तालमीच्या खुणा अंगावर घेऊन येतात.

पहिली नजर खुरांवर टाका. पाय उंच उचलला जावा म्हणून शोसाठी खूर लांब वाढवतात, खाली पॅड आणि जड नाल ठोकतात. हे खूर एकदम आखूड केले तर तळवा दुखावतो, पायाचा कोन अचानक बदलून कंडरांवर ताण येतो. म्हणून नालबंदाच्या दर पाच-सहा आठवड्यांच्या फेरीत थोडं थोडं कापायचं. त्यात काही महिने जातात, ते भाव करताना धरा. विक्रेता म्हणाला की नाल कालच काढलेत, तर त्या दिवशीच्या चालीवरून काहीच ठरवू नका. घोडा कोवळ्या तळव्यामुळे आखडतोय की मुळातच लंगडतोय, हे तेव्हा कळत नाही.

मग पाठ. या जातीत खोलगट पाठ आनुवंशिक असू शकते, अगदी तरुण घोड्यातही. असा घोडा स्वारीला बाद नसतो, पण साधं खोगीर मध्ये टेकत नाही आणि पुढे-मागे रुततं. स्वतःचं खोगीर घेऊन जा आणि चढवून पाहा.

पाच चालींचा, म्हणजे साधी चाल, दुडकी आणि कँटर (संथ दौड) यांशिवाय 'स्लो गेट' आणि 'रॅक' या आणखी दोन चाली शिकलेला घोडा म्हटलं की लोक हरखतात. 'रॅक'मध्ये चारही पाय वेगवेगळे पडतात; मारवाडी घोड्याची रवाळ चाल पाहिली असेल तर अंदाज येईल. नवख्या स्वाराकडून इशारे चुकतात आणि घोडा दुडकी नि रॅक यांची खिचडी करतो. माझ्या मते तुम्ही तीन चालींचा, दहा-बारा वर्षांचा, खच्ची केलेला घोडाच घ्यावा.

पाहायला जाताना, 'खोगीर मी आल्यावरच चढवा' असं आधी सांगा. पोचल्यावर छाती आणि खोगिराखालची जागा चाचपा. घाम लागला तर घोडा आधीच पळवलेला असू शकतो. तो कुरणात पकडू देतो का, चारही पाय उचलू देतो का, ट्रेलरमध्ये चढतो का, ते बघा. रिंगणाबाहेर, एकटा, रस्त्याकडेला चालवून पाहायलाच हवा. काही शो-घोड्यांनी बाहेरचं जग पाहिलेलंच नसतं.

पशुवैद्य तुमचा असावा, विक्रेत्याचा नेहमीचा नको. सांधे दुमडून लगेच दुडकीवर पळवणं, पुढचे खूर आणि हॉकचे (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याचे) एक्स-रे, कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची रक्तचाचणी) एवढं हवंच. वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध तपासायला रक्ताचा नमुनाही काढून ठेवा. तपासणी लगेच केली नाही तरी नमुना हाताशी असतो.

केंटकीत शर्यतीच्या किंवा शोच्या घोड्याच्या विक्रीपत्रावर विक्रेता आणि खरेदीदार दोघांच्याही (किंवा त्यांच्या अधिकृत प्रतिनिधींच्या) सह्या कायद्यानेच लागतात. मध्ये प्रशिक्षक असेल तर तो दोन्हीकडून दलाली घेतोय का, ते लेखी विचारा. नोंदणीपत्रावरचं वर्णन, पांढऱ्या खुणा आणि मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक घोड्याशी ताडून बघा. हस्तांतरणावर नोंदणीकृत मालकाची सही झाल्याशिवाय चेक देऊ नका. 'कागद पोस्टाने पाठवतो' हे उत्तर आलं, तर चेक खिशातच राहू द्या.