अचाट ताकदीचे सुपरहिरो तुमच्यासारख्या साध्या वाचकाला पटतात का, आपले वाटतात का?

मी बेळगावच्या वडगावात वाढलो. घरी माग होते, आता उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, नोकरी, वय पन्नाशीला टेकलेलं. म्हणजे प्रश्नात म्हटलेला साधा वाचक तो मीच.

माणूस उडतो, भिंतीवर चढतो, ह्याचं मला कधीच काही वाटलं नाही. मारुतीनं अख्खा डोंगर उचलून आणला हे ऐकत वाढलेल्या पोराला तेवढं सहज पचतं. माझं घोडं पेंड खातं ते वेगळ्या जागी. मुखवटा चढवला की ह्यांना कोणी म्हणजे कोणी ओळखत नाही! घरचे नाहीत, कचेरीतले नाहीत, शेजारीसुद्धा नाहीत.

आमच्याकडे वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असते, रात्रभर चालते. सातवीत होतो तेव्हा गल्लीच्या चित्ररथावर मला मावळा केलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पुठ्ठ्याचा बुरूज, डोक्याला मुंडासं, गालावर काजळाचे कल्ले आणि डिंकानं चिकटवलेल्या मिशा. डिंक वाळला की वरचा ओठ ताणतो, खाज सुटते, पण सजीव देखाव्यात हलायचं नसतं. मी भाला धरून दगडासारखा उभा. निघताना आरशात बघितलं तेव्हा माझा मीच ओळखू आलो नव्हतो. ट्रॉली आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि गर्दीतनं शेजारच्या मावशींचा आवाज आला, "अगं बाई, हा आपल्या मागवाल्यांचा धाकटा की! काय रे, गिरणीतनं दळण आणलास काय?" दळण आणलं नव्हतंच. मला हसू फुटलं आणि अर्धी मिशी सुटून तोंडात आली.

तेव्हापासून सुपरमॅनचा चष्मा मला पटत नाही. नुसता चष्मा लावला की तो क्लार्क केंट नावाचा साधा माणूस होतो, आणि कोणी ओळखत नाही म्हणे. आमच्या गल्लीत क्लार्क केंट दुपारपर्यंतसुद्धा टिकला नसता. माणूस चालीवरनं ओळखतात, खोकण्यावरनं ओळखतात. तसा सुपरमॅन सुरुवातीला बरा होता हं. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शस्टर ह्या दोन पोरांनी त्याला काढला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं, नुसत्या लांब उड्या मारायचा. आणि पहिल्याच अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरतो. असा नवरा कुठल्या गल्लीत नसतो? पुढं त्याची ताकद एवढी वाढवत नेली की त्याला आडवा करायला हिरवा दगड शोधावा लागला. तिथं माझा त्यातला रस गेला.

लहानपणी माझा खरा हिरो वेताळ, म्हणजे इंग्रजी कॉमिक्समधला मुखवटेवाला फँटम. मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम माझ्याकडे असायचं. मांडीखाली इंद्रजाल कॉमिक्स दडवून एका हातानं चाक फिरवायचो. रद्दीच्या दुकानात मराठी अंक भाड्यानं मिळायचे, परत करताना पान दुमडलेलं दिसलं की दुकानदार कान धरायचा. आजीला नाव कळलं तेव्हा हुकूम सुटला, दिवेलागणीनंतर हे पुस्तक घरात उघडायचं नाही. तिच्या माहेरी वेताळाला नारळ फुटायचा, तो वेताळ मुखवटा घालून घोड्यावर बसतो हे तिला कसं पटणार!

ली फॉकनं १९३६ मध्ये केलेला हा वेताळ. त्याच्या अंगात काहीही अद्भुत नाही. जंगलातले लोक त्याला अमर समजतात, कारण चारशे वर्षं बाप मेला की मुलगा तोच मुखवटा घालतो. आताचा एकविसावा. म्हणजे ती एक गादी आहे. हे मला न सांगता समजत होतं. आजोबांच्या मागावर वडील बसले, गिऱ्हाईक दारातनं हाक मारायचं ते आजोबांच्याच नावानं, आणि वडीलही 'ओ' द्यायचे. मुखवट्यामागं माणूस बदलला तरी गावाला फरक पडत नाही, हे मला चष्म्यापेक्षा कितीतरी जास्त पटतं. (माग पुढं विकले. ती गादी मी चालवली नाही, तो विषय इथं नको.)

बॅटमॅनबद्दल आमच्या उद्यमबागेत कुणालाही विचारा. त्याच्याकडे पैसा आहे, ठीक. पण त्याची ती वटवाघळासारखी गाडी? साधा पंपाचा एक भाग करायचा तर पॅटर्नवाला, मोल्डर, भट्टीवाला, टर्नर, तपासणीवाला, टेम्पोवाला, एवढे हात लागतात. संध्याकाळी चहाच्या गाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं, कुठल्या गिऱ्हाइकाचं काम आहे आणि बिल किती दिवस थकलंय. वटवाघळाच्या आकाराचं कास्टिंग आलं असतं तर फाउंड्रीत त्याच दिवशी बोभाटा झाला असता. एवढ्या कामगारांना गोष्टीतनं गायब केलं की गाडीही मला पुठ्ठ्याची वाटते, आमच्या त्या बुरुजासारखी.

तर माझं म्हणणं एवढंच, की हिरो पटतो का नाही हे मी हिरोकडं बघून ठरवत नाही. त्याच्या भोवतीची माणसं खऱ्यासारखी वागतात का, ते बघतो.

म्हणून स्पायडरमॅन. मला तो उशिरा भेटला, भाच्यानं मोबाईलवर जुने अंक दाखवले. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को ह्यांनी तो आणला, १९६३ मध्ये त्याच्या नावाचं मासिक निघालं. त्या मासिकाच्या पहिल्या अंकातली मारामारी मी विसरलो, बाकीचं पाठ आहे. काका वारलेत, भाडं थकलंय, मे नावाची काकू दागिने गहाण ठेवायला गेलीय. पोरगा, म्हणजे पीटर, स्पायडरमॅनचा मुखवटा घालून खेळ करतो, पैसे मिळतात, पण चेक निघतो 'स्पायडरमॅन' ह्या नावानं. तो बँकेत जातो. कारकून ओळखपत्र मागतो. हा म्हणतो, माझा पोशाख बघा की. कारकून म्हणतो, पोशाख काय, कोणीही घालील. आणि चेक परत!

जेमसन नावाचा संपादक पेपरात त्याच्यावर आग ओकतो, त्यात खेळही बंद पडतो. मग त्याच अंकात हा पोरगा जेमसनच्याच अंतराळवीर मुलाचा जीव वाचवतो. दुसऱ्या दिवशी पेपरात काय? पुन्हा ह्याच्याविरुद्धच. वाचून मी भाच्याला म्हटलं, अरे, हे आपल्याकडचेच लोक आहेत.

त्या कारकुनाला तर मी प्रत्यक्ष भेटलोय. वडील गेल्यावर त्यांच्या खात्यातली थोडी रक्कम काढायची होती. माझ्या शाळेच्या दाखल्यावर नाव मराठी पद्धतीनं, आडनाव शेवटी. रेशन कार्डावर कन्नडमध्ये, आडनावच नाही. तिसऱ्या कागदावर वडिलांचं नाव माझ्या नावाला असं चिकटलेलं की तो एकच शब्द वाटावा. खिडकीमागच्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हेसरु सरी इल्ल." नाव बरोबर नाही. मी म्हटलं, मॅडम, मी समोर उभा आहे की. त्या हसल्या. वाईट नव्हत्या, पण कागद परत सरकवले.

चार खेपा झाल्या. शेवटी एक वकील म्हणाले, सोपं आहे, बाँड पेपरवर ॲफिडेव्हिट करा, की ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत. नोटरीपुढं सही केली, शिक्का बसला, पुढच्या आठवड्यात पैसे आले.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, मग पीटरनं पण तसंच करायचं ना?"

तेच तर त्याला करता येत नाही. दोन्ही नावं एका कागदावर आली की काकूचं घर शत्रूंना सापडलं. भाचा बराच वेळ गप्प बसला, मग पुढचा अंक उघडला. त्यात पीटर त्याच जेमसनला फोटो विकायला जातो.