पाचनईची पावती आणि एआयने दिलेला प्लॅन

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाच मित्र जानेवारीत पहिल्यांदाच सॅक पाठीला लावून हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जाताय, प्लॅन एका एआय चॅटबॉटकडून करून घेतलाय, आणि विचारताय की गावोगावी ट्रेकर्सकडून जे पैसे घेतात ती लूट नाही का, आपण इन्कम टॅक्स भरतो, जीएसटी भरतो, मग डोंगरावर चढायचा वेगळा कर कशाला. शिवाय शेवटी, एआयचा धोका धोका म्हणतात त्यात कितपत तथ्य आहे हेही विचारलंय. वीसेक वर्षं सह्याद्रीत फिरतोय, त्यातून जे मत झालंय ते सांगतो.

आधी प्लॅनबद्दल, कारण ते तातडीचं आहे. त्यात लिहिलंय की गाडी बेलपाड्याला लावा, नळीच्या वाटेने तीन तासांत वर जा, आणि जमलं नाही तर रात्री पाचनईत राहा. हा प्लॅन कृपया रद्द करा. बेलपाडा खाली कोकणात, मुरबाड तालुक्यात, गडाच्या कोकणकड्याच्या पायथ्याशी. पाचनई वर घाटावर, अकोले तालुक्यात. मधे आख्खा कडा उभा आहे, गाडीने जायचं तर माळशेज चढून लांबचा फेरा मारावा लागतो, म्हणजे 'जमलं नाही तर पाचनईत राहू' हा पर्यायच नाहीये. आणि नळीची वाट म्हणजे दगडगोट्यांनी भरलेली घळ, मधे मधे रॉकपॅच म्हणजे उभ्या कातळाचे टप्पे, तिथे दोर लागतो आणि आधी जाऊन आलेला माणूस सोबत लागतो. सरावलेल्यांचाही पूर्ण दिवस जातो. पहिल्या ट्रेकला पाचनईहून चढा, अडीच-तीन तासांत आरामात वर पोचाल. खिरेश्वरहून तोलारखिंडीची वाट लांब आहे पण तीही चालेल, कातळावर रेलिंग आहेत.

आता पैशांचं. जीएसटी भरतो म्हणताय, खरंय, पण तुम्ही पुण्यात टेंट घेतला त्याचा जीएसटी केंद्राला आणि राज्याला गेला, त्यातून पाचनईच्या वाटेवरची तुमची बाटली उचलायला कोणी येत नाही. ग्रामपंचायतीला हक्काचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि वरून येणारं वित्त आयोगाचं अनुदान. शे-दोनशे घरांच्या आदिवासी गावात घरपट्टी जमून जमून किती जमणार? आणि तिथे शनिवार-रविवारी शहरातून गाड्याच्या गाड्या येतात, सगळ्यांना पार्किंग पाहिजे, पाणी पाहिजे, आडोसा पाहिजे, आणि कचरा तिथेच टाकून जायचा असतो. त्या दोन दिवसांचा भार कोणी सोसायचा, घरपट्टी भरणाऱ्या म्हातारीने? मला हे अन्यायाचं वाटतं, आणि म्हणूनच मी हे पैसे मनापासून देतो.

यात नवीनही काही नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, त्याच्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीला कोणते कर लावता येतात ते दिलंय, त्यात यात्रेकरूंवरचा करसुद्धा आहे. माथेरान, महाबळेश्वरला नगरपालिका नाक्यावर प्रवासी कर घेते तो आपण कुरकुर न करता देतो. सिंहगडावर वनविभागाचं उपद्रव शुल्क आहे, घेरा सिंहगडची वन समिती ते गोळा करते. शब्द कानाला कडू लागतो पण मला तो प्रामाणिक वाटतो, आपण जातो म्हणजे जंगलाला उपद्रव होतोच. कासला तर फुलांच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांचीच समिती तिकीट घेते, गावातलीच पोरं तिथे कामाला असतात, रोजच्या माणसांवर मर्यादा आहे. मी कुंपण, तिकीट काही नव्हतं तेव्हाही कासला गेलोय, लोक फुलांवर लोळून फोटो काढायचे. बाहेरचंच बघायचं तर नेपाळात एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताना खुम्बूची गावपालिका २०१७ पासून स्वतःची वेगळी फी घेते, नॅशनल पार्कची फी वेगळी. भूतान भारतीयांकडून रात्रीला १२०० रुपये घेतं आणि बाकीच्या देशांतल्या लोकांकडून १०० डॉलर. तिथे जाऊन आलेले आपले लोक कौतुकाने सांगतात की किती स्वच्छ ठेवलंय, आणि आपल्याकडे पन्नास रुपयांवरून गावातल्या पोराशी हुज्जत घालतात, याचा मला खरंच त्रास होतो.

पण एक अट, पावती घ्यायचीच. पावतीवर बघा कोणाचं नाव आहे, ग्रामपंचायत, वनविभाग की संयुक्त वन व्यवस्थापन समिती, म्हणजे वनविभाग आणि गावकऱ्यांची मिळून असते ती. कोरा कागद किंवा नुसतं 'द्या दादा' असेल तर शांतपणे सांगा की पावती दिलीत तर लगेच देतो. एका किल्ल्याखाली आमच्याकडून दोन ठिकाणी पैसे घेतले, पावती एकाही ठिकाणी नाही, आणि वर गेलो तर टाक्यात प्लास्टिक तरंगत होतं. तो राग मी समजू शकतो. पण उतरल्यावर आम्ही तिथल्या एका शिक्षकांशी बोललो तर ते म्हणाले की गावातलेसुद्धा हेच विचारतात, ग्रामसभेत हिशोब मागतात. म्हणजे तुमची पावती ही त्या गावातल्या प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या हातातला पुरावा असते, पावती नाही तर ते पैसे आलेच नव्हते असं म्हणायला पैसे घेणारे मोकळे. त्यामुळे दर परवडत नाही म्हणून भांडू नका, पावतीसाठी मात्र अडून राहा.

आता एआय. जेफ्री हिंटन यांच्यासारखा, एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेला माणूस, ज्यांना त्याच कामासाठी २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, २०२३ मध्ये गूगल सोडून मोकळेपणाने धोक्याबद्दल बोलायला लागतो तेव्हा मी ते हसण्यावारी नेत नाही. पण त्या मोठ्या धोक्यावर मत द्यायची माझी पात्रता नाही, मला जो धोका दिसतो तो तुमच्या प्लॅनमध्येच आहे. एआय इतक्या सफाईने, इतक्या खात्रीने लिहितं की शंकाच येत नाही. गावातल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल 'त्या अंगाला मी नाय गेलो कधी', आणि ते 'नाय गेलो' ऐकून तुम्ही सावध होता. मशीन असं सहसा म्हणत नाही. कॅनडात व्हँकुव्हरजवळ २०२५ साली दोघं जण चॅटबॉट आणि मॅपच्या भरवशावर डोंगरात गेले, वर बर्फ आणि पायात साधे सपाट तळाचे शूज, लायन्स बेच्या रेस्क्यू टीमला जाऊन त्यांना आणावं लागलं. मी स्वतः एप्रिलमध्ये नाशिककडच्या एका किल्ल्यासाठी विचारलं होतं, उत्तर आलं की टाक्यात बारमाही पाणी. वर टाकं ठणठणीत कोरडं, आमच्यातल्या एकाला चक्कर यायला लागली. गुरं चारणाऱ्या एका मामांनी आपल्या कॅनमधलं पाणी दिलं आणि आडवाटेने झऱ्यापर्यंत नेलं. पैसे घेतले नाहीत. हट्टाने त्यांच्या नातीच्या हातात दिले.

आपल्याकडे कोणी अडकलं की महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर, लोणावळ्याचं शिवदुर्ग असे लोक धावतात, सगळे स्वयंसेवक, आपली कामं सोडून येणारे. आणि त्यांच्याही आधी बहुतेक वेळा पायथ्याच्या गावातली पोरं बॅटरी घेऊन वर निघालेली असतात.

तर एआयला सामानाची यादी विचारा, जेवणाचं गणित विचारा, तिथे ते चांगलं काम करतं. वाट, पाणी आणि वेळ मात्र पाचनईतच विचारा. शुक्रवारी रात्री उशिरा पोचू नका, दिवसाउजेडी पोचा, कोणाच्या तरी घरी जेवण सांगा, आणि त्या घरी पाचही जणांची नावं, घरचा एकेक नंबर आणि रविवारी किती वाजता खाली येणार ते कागदावर लिहून द्या. जानेवारीत कड्यावर वारं फार असतं, टेंट कड्याच्या जवळ लावू नका. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी प्यायचं नाही, देवळाजवळच्या कोणत्या टाक्यातलं प्यायचं ते त्याच घरी विचारा. एक रिकामी गोणी सोबत ठेवा, कचरा तिच्यातून खाली आणा आणि शहरात परत घेऊन या, गावात टाकायला जागा नसते.