शाळेचा फॉर्म, ठाण्याची आजी आणि ऐरोलीची भाची

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगी इथल्या इयर एटमध्ये आहे. शाळेकडून एचपीव्ही लशीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूवरच्या लशीच्या, संमतीचा फॉर्म आलाय. मी लगेच भरणार होते, पण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर विषय निघाला आणि ठाण्याहून सासूबाई म्हणाल्या, "बारा वर्षांच्या पोरीला असलं इंजेक्शन? आणि मागे मुली दगावल्या होत्या ना यानेच?" तेव्हापासून यजमानही म्हणतात, घाई काय आहे, पुढच्या वर्षी बघू. त्यात ऐरोलीच्या नणंदेच्या मुलीने, ती २३ वर्षांची आहे, मला वेगळा मेसेज केला : "मामी, मला ही लस घ्यायचीय. आई म्हणते, लग्न होऊ दे, मग बघू. आत्ता घेतली आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं?" माझ्या मुलीशी अजून काहीच बोललेले नाही. सासूबाईंना न सांगता फॉर्म भरून टाकू का?

उत्तर : ताई, फॉर्म याच वर्षी भरा. पण सासूबाईंपासून लपवून नको, आणि लेकीला न सांगता तर मुळीच नको.

आधी सासूबाईंचं. त्यांना उडवून लावू नका, कारण त्यांच्या मनात जे राहिलंय ते हवेतून आलेलं नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे हजारो मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यांतल्या सात मुलींचा पुढे मृत्यू झाला आणि २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला. चौकशीत बुडणं, सर्पदंश, हिवताप, कीटकनाशक पोटात जाणं अशी कारणं समोर आली. लशीशी संबंध आढळला नाही. पण मुली दगावल्याची बातमी घरोघरी गेली, चौकशीत काय निघालं ते फार थोड्यांपर्यंत पोहोचलं. त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली, तिचा मला आजही संताप येतो. आश्रमशाळांतल्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांच्या सह्याच नव्हत्या; वॉर्डननी, मुख्याध्यापकांनी सह्या करून टाकल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले. त्या मुलींना आपल्याला काय टोचतायत हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

याला जोडून जे घडलं ते सासूबाईंना आवर्जून सांगा. त्याच सुमारास पुणे, बार्शी, मुंबई, अहमदाबाद अशा ठिकाणी एक वेगळा अभ्यास चालू होता : दोन डोस पुरतात की तीनच लागतात? २०१० च्या सरकारी आदेशाने तिथलंही लसीकरण मध्येच थांबलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही विषाणूचे १६ आणि १८ हे जे सगळ्यात घातक प्रकार, त्यांच्यामुळे होणाऱ्या आणि शरीरात ठाण मांडून बसणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालं होतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा मानायला मान्यता दिली, २०२३ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडच्या शाळांत एकच डोस देतात. तुमच्या लेकीला एकदाच सुई टोचून घ्यायची आहे, यात पुण्या-बार्शीच्या मुलींचा वाटा आहे.

आता "असलं इंजेक्शन". हा विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून बारा वर्षांच्या मुलीच्या संदर्भात तो शब्दसुद्धा नको वाटतो. ठाण्यात माझ्याशी बोलणाऱ्या आयांचीही अडचण हीच असते. लशीची भीती त्यामानाने कमी. पण ही लस आधीच शिरलेल्या विषाणूला हुसकावत नाही, तो यायच्या आत द्यावी लागते. शिवाय ९ ते १४ या वयात शरीराचा प्रतिसाद जोरदार असतो. इंग्लंडमध्ये ज्यांना १२-१३ व्या वर्षी लस मिळाली, त्यांच्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये दिसलं. स्कॉटलंडमध्ये त्याच वयात लस मिळालेल्या मुलींत हा कर्करोग एकीलाही झालेला आढळला नाही. यजमानांना हे दोन आकडे दाखवा. त्यांच्या लेकीच्या वर्गातल्या मुलग्यांनाही २०१९ पासून हीच लस मिळते, कारण घशाचे आणि इतर काही कर्करोग पुरुषांनाही याच विषाणूमुळे होतात. मुलीच्या वागणुकीवर संशय घेण्याचा यात काही प्रश्नच येत नाही.

लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून रोग होत नाही. पुढे मूल होण्यात अडचण येते ही व्हॉट्सअ‍ॅपवरची भीतीही निराधार आहे. दंड दुखतो, कधी अंगात कणकण येते. या वयातल्या मुलींना सुईनंतर भोवळ येऊ शकते, म्हणून थोडा वेळ बसवून ठेवतात. कुठल्या लशीची मोठी अ‍ॅलर्जी आधी आली असेल तर मात्र फॉर्मवर नक्की लिहा.

लेकीशी बोलायला फार मोठी तयारी लागत नाही. तुम्हाला जड जात असेल तर असं सांगून बघा : "बाळा, गर्भपिशवीच्या तोंडाशी एक कॅन्सर होतो. तो एका विषाणूमुळे होतो. मोठेपणी जोडीदाराकडून तो विषाणू बहुतेकांना कधी ना कधी लागतो. पुष्कळदा आपोआप जातो, पण काहींच्यात राहतो आणि खूप वर्षांनी त्रास देतो. तो यायच्या आधीच आपण बंदोबस्त करतोय." एवढं बारा वर्षांच्या मुलीला कळतं. तिने पुढे काही विचारलं तर उत्तर द्या, नाही विचारलं तर ताणू नका. तिकडच्या नियमात समज असलेलं मूल स्वतःही संमती देऊ शकतं. म्हणजे शाळेतली नर्स तिच्याशी थेट बोलणारच आहे. आईकडून आधी कळलेलं बरं.

भाचीबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तिला विचारायला घरात कुणी नाही, साता समुद्रापलीकडची मामी आहे. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून रोज कामाला जाणाऱ्या, पगारातून घरचे हप्ते भरणाऱ्या मुली लस घेतल्याची पावती आईपासून लपवतात, हे मी इथे पाहते आणि फार वाईट वाटतं. "लग्न होऊ दे, मग बघू" हे वैद्यकीयदृष्ट्या उलटं आहे. विषाणू यायच्या आधी घेतली तरच पूर्ण उपयोग, आणि एकाच पुरुषाबरोबर संसार करणाऱ्या बाईलाही हा विषाणू नवऱ्याकडून येऊ शकतो. स्थळ बघताना पत्रिका बघतात, पगार विचारतात; मुलाला हा विषाणू आहे का हे कुणी विचारत नाही, आणि पुरुषांसाठी त्याची नेहमीची तपासणीही नाही. मग मुलीने स्वतःचं रक्षण केलं तर तिनेच उत्तर का द्यायचं?

भाची २३ वर्षांची आहे, तिला कुणाच्या सहीची गरज नाही. तिला सांगा, ऐरोलीत किंवा ठाण्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. १५ वर्षांपुढे आपल्याकडे साधारणपणे तीन डोस देतात : पहिला, त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्ही लस २०२३ मध्ये आली तेव्हा खासगी बाजारात एका डोसची किंमत साधारण २,००० रुपये होती. विषाणूच्या नऊ प्रकारांवरची परदेशी लस बरीच महाग पडते. १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळेच या कर्करोगाचे सुमारे ७० टक्के रुग्ण होतात आणि ते दोन्ही लशींत आहेत, म्हणून पैशांसाठी थांबू नये. तिचे आधी कुणाशी संबंध आले असतील तरीही लस घ्यावी. ते डॉक्टरांना सांगायचं की नाही हे तिचं ती ठरवेल, तुम्ही विचारू नका.

आणि नणंदबाईंशी तुम्हीच बोला. लेकीच्या लशीवरून सुरुवात करू नका, त्यांच्या स्वतःच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीवरून करा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या बायका अंगावरून जास्त जायला लागेपर्यंत, किंवा पिशवी काढायची वेळ येईपर्यंत डॉक्टरकडे जातच नाहीत. मायलेकींनी एकाच दिवशी एकाच दवाखान्यात जावं, लेकीचा पहिला डोस आणि आईची चाचणी. लस घेतलेल्या भाचीलाही पुढे तिशीनंतर ही तपासणी करावीच लागेल, हेही त्याच दिवशी डॉक्टरांकडून दोघींना समजून घेऊ दे.