दांग-गुइ: तुम्हाला सूप चालेल, कॅप्सूल नको, आईंना दोन्ही नको

ताई, रजोनिवृत्तीच्या त्रासावर दांग-गुइ, म्हणजे चिनी वैद्यकातलं एक औषधी मूळ, सूपमधून किंवा कॅप्सूलमधून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आधी तातडीचं सांगते. आईंच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि त्या वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, हे तुम्ही प्रश्नाच्या अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय. त्यांना दांग-गुइचं सूप देऊ नका, चवीपुरतंही नको. १९९९ साली प्रसिद्ध झालेली एक केस आम्ही औषधविभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. वॉर्फरिनचा डोस नीट बसलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईंनी सोबत दांग-गुइ सुरू केलं आणि चार आठवड्यांत त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; फार वाढला तर रक्तस्रावाचा धोका) दुपटीहून जास्त वाढला. दुसरं कारण सापडलं नाही. दांग-गुइ बंद केल्यावर महिन्याभराने आकडा पूर्ववत झाला. आईंनी एखादी वाटी घेतली असेल, तर आजच डॉक्टरांना कळवून आयएनआर तपासून घ्या.

आता तुमचं. रात्री घामाने जाग येते, अंगातून वाफा निघतात, आणि सिंगापूरच्या शेजारणीने प्रेमाने हे मूळ आणून दिलं. त्यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात असणार. चीनमधल्या हान काळातल्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथात दांग-गुइ, आलं आणि मटण यांचा काढा बाळंतिणीच्या पोटदुखीवर दिलेला आहे, आणि तो आजही घरोघरी शिजतो. आपल्याकडे बाळंतिणीला अळीव आणि डिंकाचे लाडू देतात, तीच ही माया. पण त्या परंपरेत दांग-गुइ बहुधा एकटं येत नाही. पाळीच्या तक्रारींवरच्या प्रसिद्ध ‘चार द्रव्यांच्या काढ्या’त ते इतर तीन वनस्पतींसोबत असतं. १३व्या शतकातल्या दुसऱ्या एका काढ्यात तर पाच भाग हुआंग-ची नावाचं दुसरं मूळ आणि एकच भाग दांग-गुइ.

बाजारात मात्र नुसत्या दांग-गुइच्या कॅप्सूल ‘रजोनिवृत्तीसाठी’ म्हणून विकतात. १९९७ मध्ये अमेरिकेत ७१ बायकांवर याची रीतसर चाचणी झाली. २४ आठवडे काहींना रोज साडेचार ग्रॅम दांग-गुइ दिलं, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय कॅप्सूल. हॉट फ्लॅशेसमध्ये, म्हणजे या वाफांमध्ये, फरक पडला नाही. एकटं मूळ देणं ही चिनी वैद्यकाची पद्धतच नव्हे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला, आणि तो मला रास्त वाटतो. म्हणून हुआंग-चीसोबतच्या त्या जुन्या काढ्यावर हाँगकाँगमध्ये झालेली चाचणी महत्त्वाची. तिचे निष्कर्ष २००८ साली आले: सौम्य वाफांवर थोडा उपयोग, एकूण त्रासावर ठोस फरक नाही. त्यामुळे तुमच्या कपाटातल्या कॅप्सूलवर आणखी पैसे घालवू नका.

सूप आवडत असेल तर अधूनमधून जरूर घ्या. हे मूळ गाजर, कोथिंबीर, ओवा यांच्याच कुळातलं, म्हणून तो उग्र वास. उत्तम माल चीनच्या गान्सू प्रांतातल्या मिनश्येनचा मानतात. तिथल्या थंड, उंच भागात पहिल्या वर्षी रोपं वाढवून हिवाळ्यात जपून ठेवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावतात. झाडाला फुलोरा आला की मूळ लाकडासारखं होतं, वाया जातं. खोदल्यावर जुड्या बांधून मंद धुरावर सुकवतात. चकती पिवळसर पांढरी, तेलकट ठिपक्यांची असावी. आतून हिरवट तपकिरी किंवा कोरडी ठणठणीत असेल तर दुकानदाराला परत करा. कोरियात आणि जपानमध्ये याच नावाने विकतात त्या याच वंशातल्या वेगळ्या प्रजाती आहेत, तेव्हा पाकिटावर कुठला माल आहे ते बघा.

चीनच्या औषधसंहितेत रोजची मात्रा ६ ते १२ ग्रॅम आहे. ती वैद्याने माणूस बघून द्यायची मात्रा आहे. सूपला दोन-तीन चकत्या पुरतात. जुलाब होत असतील तेव्हा टाळा, कारण ते पोट सैल करतं. गरोदरपणात नको, पाळीत फार रक्त जात असेल तर नको, स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. रोजची ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधं) चालू असेल तरीही नकोच. दात काढायचा असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर दोन आठवडे आधी थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

रात्रीची झोप मोडण्याइतका त्रास असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आज हार्मोनचे आणि बिनहार्मोनचे, दोन्ही प्रकारचे उपाय आहेत, आणि ते चाचण्यांत उतरलेले आहेत. जाताना कॅप्सूलची बाटली सोबत न्या. आणि शेजारणीला आईंच्या गोळीबद्दल मोकळेपणाने सांगा, म्हणजे तुम्ही घरी नसताना त्या आईंसाठी डबा घेऊन येणार नाहीत.