तुमच्या कादंबरीतले पाणओढे कोरड्या आभाळातून पाऊस का पाडू शकत नाहीत? दुसऱ्या भागात हा नियम सुटणार आहे का?

नियम सुटणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तेवढ्यासाठी शेवटपर्यंत वाचत बसायला नको. पहिला भाग न वाचलेल्यांसाठी: पाणओढे म्हणजे डोंगराच्या एका अंगाचा ढग दुसऱ्या अंगाला ओढून नेणारी माणसं. डोंगराच्या पूर्वेची कोरडी ती देशवट, पश्चिमेची समुद्राकडची ती तळवट.

तुमची तक्रार अशी की, पहिल्या भागाच्या शेवटी थोरली पाणओढी माथ्यावर उभी राहते, देशवटीतली गावं तिच्याकडे डोळे लावून बसलेली असतात आणि ती ढग न ओढताच खाली उतरते. एवढी हवा करायची आणि ऐन वेळी हात आखडता घ्यायचा, हा हिरमोड झाला. असेल. पण त्या साली तळवटीतही पावसानं दडी मारली होती. तिनं ढग ओढला असता तर इकडे बाजरी उभी राहिली असती आणि तिकडे भाताची रोपं तरव्यातच पिवळी पडली असती. माझ्या जगात पाणी नव्यानं तयार होत नाही, ते फक्त इकडचं तिकडे होतं. पात्रं, राज्यं, देव हे सगळं नंतर आलं, हा नियम आधी.

तो सुचायला फार लांब जावं लागलं नाही, कारण मी सातारा जिल्ह्यातली. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की तो हजाराच्या आत येतो आणि तसंच पूर्वेला माणदेशात गेलात की पाचशेच्या आसपास. सगळा एकच जिल्हा. काल्पनिक जग रचायला बसलं की लोक सात राज्यं आणि तीन चंद्र काढतात. मला एक डोंगररांग पुरली. वारा पश्चिमेकडून येतो, डोंगर चढताना ढग रिता होतो, पलीकडे नुसती भुरभुर. एवढं पक्कं केलं की जकात, सोयरिकी, शिव्या, नवस आपोआप सुचत जातात. देशवटीत मुलगी देताना आधी विहीर किती परस खोल ते विचारतात, तळवटीत गोठा चढावर आहे ना ते.

बरं, ढग नसला तरी पाणी डोंगरापलीकडे ओढायची विद्या आपल्याकडे आहेच. मुळेचं पाणी पूर्वेला भीमेकडे जायचं. मुळशीला धरण बांधून ते पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळे शेतकरी त्याच्या विरोधात उभे राहिले, ते याच पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी. कोयना तर कृष्णेला मिळणारी नदी, पण कृष्णा पाणीतंटा लवादानं ठरवून दिलेलं तिचं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंतचं (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीवाटे समुद्राला जातं. मी फक्त बोगदा काढून तिथे माणूस ठेवला.

पटत नसेल तर उन्हाळ्यात कोलाडला कुंडलिकेच्या काठी सकाळी जाऊन बसा. पात्रात गोटे उघडे पडलेले, त्यांच्यावरचं शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेले. काठावर राफ्टिंगवाल्यांचे रबरी तराफे ओळीनं ठेवलेले, हेल्मेट चढवलेली पोरं वडापाव खात उभी. भिऱ्याहून सोडलेलं पाणी पोचतं तेव्हा आधी आवाज येत नाही. आधी गोट्यांमधल्या डबक्यातलं पाणी थरथरतं. मग त्या डबक्याला वरच्या अंगानं एक बारीक धार येऊन मिळते, मग शेजारच्या, मग गोटे एकेक करून दिसेनासे होतात आणि मघाशी जिथून चालत पलीकडे गेलो असतो तिथे दणदणीत नदी वाहायला लागते. घाटमाथ्यावर गेल्या पावसाळ्यात पडलेल्या पावसाची ही नदी. तराफ्यात बसलेल्यांना याचं काही घेणंदेणं नसतं, असायचं कारणही नाही. आभाळ निरभ्र असताना नदी येते ते पहिल्या भागातलं प्रकरण मी जवळजवळ जसंच्या तसं इथून उचललंय.

माथ्यावरच्या चौकीत ओढलेल्या पाण्याचा हिशेब ठेवतात, त्या वहीची पानं तुम्हाला कंटाळवाणी वाटली. संपादकांनाही वाटली होती, त्यांनी ती निम्मी करायला सांगितली. मी नाही केली. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे. बंधारा सगळ्यांचा, जमीन फडांमध्ये वाटलेली, कुठल्या फडात काय पिकवायचं ते मिळून ठरवायचं आणि पाणी द्यायला पाटकरी. ज्याचं शेत त्यानं स्वतः उठून बारं धरायचं नाही. त्या पाटकऱ्याच्या फावड्यात जी सत्ता आहे ती मला कुठल्याही तलवारीपेक्षा जास्त रंजक वाटते, आणि चौकीवर वही लिहिणारी माझी कारकूनबाई त्याच घराण्यातली. कोणी ढग ओढला की ती जमा आणि नावे दोन्ही रकाने भरून घेते. नावेच्या रकान्यात गावाचं नाव सांगितल्याशिवाय ओढणाऱ्याला माथ्यावरून उतरता येत नाही. या एका अटीनं माझे कितीतरी अडलेले प्रसंग सुटले, तेव्हा ती पानं कापणं शक्यच नव्हतं.

पावसाची वाहनं मात्र सरळ पंचांगातून घेतली. मृगापासून पुढे प्रत्येक पावसाळी नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती असला की चांगला पाऊस. कोल्हा किंवा मेंढा असला की पाऊस कमी. मी एवढंच केलं की ते वाहन खरोखर येतं. तरण्या पावसात म्हैस घाटवाटेवर आडवी बसते आणि व्यापाऱ्यांचे तांडे तिच्या उठण्याची वाट बघत खोळंबतात. वाचकांना सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही, आणि मला सगळ्यात कमी कष्ट पडले तेही हिलाच. असो.

नकाशा दुसऱ्या भागातही नाही. माथा नेमका कुठे, यावरच तिथे भांडण आहे. मी रेघ मारली तर तो निवाडा होईल.

आता पुढचं. दुसरा भाग तळवटीत घडतो, त्यामुळे समुद्र दिसेल. पहिल्या भागात ज्यांचं पाणी गेलं ते भेटले. आता ज्यांच्याकडे ते न मागता आलं त्यांच्यात जायचंय. खाडीत अवेळी गोडं पाणी शिरलं की मीठ धरत नाही. धाकटी पाणओढी आपली विद्या लपवून अशाच एका मिठागरात कामाला राहते आणि बांध फुटतो तेव्हा तो कोणी ओढलेल्या पाण्यानं फुटला, हे तिथे फक्त तिलाच कळतं.

आणि डोंगर हलणार आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झाला. त्याचा संबंध जलाशयातल्या पाण्याशी जोडला जातो, आणि या विषयावर जगभरात बोलताना कोयनेचं नाव निघतंच. माझ्या जगात धरण नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या ओढलेलं पाणी कुठेतरी साठलेलं आहे. तेव्हा तुम्हाला हवी होती तशी नवी शक्ती कोणालाही मिळणार नाही. उलट कारकूनबाईला एके दिवशी नावेच्या रकान्यात गावाऐवजी ‘डोंगर’ असं लिहावं लागतं, आणि ही नोंद कशी वळती करायची ते चौकीवर कोणालाच ठाऊक नसतं.

खर्डा झालाय. तळवटीची बोली मी उत्तर कोकणच्या अंगानं लिहिली आहे, ती रायगडची एक मैत्रीण तपासतेय आणि बरंच खोडतेय. कारकूनबाई शेवटी जगते का, हे तुम्ही विचारलं असलं तरी सांगणार नाही. तिसरा भाग नाही, एवढं नक्की.